उतारवयाचे धनुष्य

मौसलपर्वातील अर्जुन आणि आभीर यांचा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. यादवकुळाचा अंत झाला आहे, कृष्ण गेला आहे, आणि मागे उरलेल्या स्त्रिया, मुले, वृद्ध यांना घेऊन अर्जुन द्वारकेहून इंद्रप्रस्थाकडे निघाला आहे. पंचनद प्रदेशात मुक्काम पडतो. हाती केवळ काठ्या असलेले आभीर लुटीसाठी धावून येतात. अर्जुन प्रथम हसतो, त्यांना परत फिरायला सांगतो. मग गांडीवाला दोरी चढवू लागतो, आणि ती चढता चढत नाही. महत्प्रयासाने चढते. मग तो दिव्यास्त्रांचे स्मरण करतो, तर ती आठवत नाहीत. मग अक्षय म्हणून ज्यांची ख्याती ते भाते रिते होतात. अखेर धनुष्याच्या टोकानेच तो लुटारूंना मारू लागतो.

या प्रसंगातील क्रम पाहण्याजोगा आहे. आधी बाहूंचे बळ जाते, नंतर स्मृती जाते, आणि शेवटी साधनसामग्री संपते. म्हातारपण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि शेवटचा तपशील तर विलक्षणच म्हणावा लागेल. काठ्या घेऊन आलेल्या माणसांपुढे जगातल्या सर्वश्रेष्ठ धनुष्याचीही शेवटी एक काठीच होते. व्यासांनी यावर भाष्य केलेले नाही. केवळ घटना सांगितली आहे.

आपली टीकापरंपरा या प्रसंगाकडे काळाचा महिमा म्हणून पाहत आली. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’नंतर (१९६७) एका युगाचा अस्त या अर्थानेही तो वाचला जाऊ लागला. दोन्ही वाचने योग्यच आहेत. तथापि मला एक बाळबोध वाटेल असा प्रश्न पडतो. भारतीय युद्ध होऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात अर्जुनाला कोणी हलके धनुष्य का दिले नाही? ज्याची दोरी सहज चढेल, ज्याची ओढ त्याच्या त्या वेळच्या खांद्यांना पेलेल, असे एखादे साधे धनुष्य त्याच्या रथात का नव्हते? काठ्या घेतलेल्या लुटारूंना पळवून लावायला गांडीव लागत नाही. चांगल्या वेळूचा कमठाही पुरला असता.

हा प्रश्न बारामतीत विचारण्याला एक विशेष औचित्य आहे. संपूर्ण महाभारत मराठी आर्येत ओतण्याचा उद्योग याच गावी झाला. मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा. परंतु आयुष्याची चार दशके त्यांनी कऱ्हेकाठच्या या गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने काढली, आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. नाईक हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई नाईकांच्या घरी दिलेली होती. त्या वाड्यात पुराण सांगावे आणि घरी येऊन आर्या रचाव्यात, असा पंतांचा क्रम होता. ‘आर्याभारता’च्या सुमारे १७ हजार आर्या या अशा नित्यक्रमातून उभ्या राहिल्या आहेत.

पंतांच्या श्रोत्यांचा विचार आपण फारसा करत नाही. अलंकार मोजण्यात आपला तास संपतो. परंतु १७६१नंतरच्या बारामतीत पुराणाला येऊन बसणाऱ्यांत पानिपताच्या पिढीची माणसे असणारच. कोणाचा मुलगा गेलेला, कोणी स्वतः मोहिमांवरून थकून परतलेला. त्यांच्यासमोर मौसलपर्व सांगणे म्हणजे काय असेल? त्यांच्या काळात धनुष्य हे लढाईतले प्रमुख शस्त्र राहिलेले नव्हते. भाला, तलवार, तोड्याची बंदूक आणि तोफा यांचे दिवस होते. तरीही दोरी न चढणारे धनुष्य म्हणजे काय, हे कळायला त्यांना टीपेची गरज पडली नसेल.

आता मूळ प्रश्नाकडे. काव्याचे धनुष्याशी असलेले नाते पाहिले तर हलके धनुष्य काव्यात येऊच शकत नाही, असे दिसते. काव्यात धनुष्य हे शस्त्र नसतेच. ते माप असते. जनकाच्या घरचे शिवधनुष्य रामाची योग्यता मोजण्यासाठी आहे, शिकारीसाठी किंवा लढाईसाठी नाही. म्हणून ते मोडले तरी कोणाचे काही बिघडत नाही, उलट मोडल्यानेच काम होते. द्रौपदीच्या स्वयंवरात ते ताठ धनुष्य वाकवू पाहणारे राजे त्याच्या उसळीने भुईवर आदळतात. ग्रीकांचा ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो तेव्हा त्याची ओळख पटते तीही अशीच. तरुण वरांना जे धनुष्य वाकत नाही ते हा भिकाऱ्याच्या वेषातला प्रौढ माणूस बसल्या जागी सहज वाकवतो. माप हलके करून कसे चालेल? शेर लहान केला की व्यवहारच खोटा होतो.

त्यामुळे काव्यातल्या वृद्ध धनुर्धराला दोनच वाटा उरतात. एक भीष्म-द्रोणांची, म्हणजे वय वाढूनही वृद्ध न होण्याची. द्रोणपर्वात द्रोणाचार्यांच्या वयाचा जो उल्लेख आहे त्यातल्या संख्यावाचक समासाचा अर्थ कोणी पंच्याऐंशी करतात तर कोणी चारशे. अर्थ कोणताही घेतला तरी त्या वयात ते सोळा वर्षांच्या मुलासारखे रणांगणावर वावरत होते, असे कवी सांगतो. दुसरी वाट अर्जुनाची, म्हणजे एका दुपारी सर्वस्व गमावण्याची. मधली वाट कवीला माहीत नाही. थोडे कमी ओढता येते, पण नेम अजून शाबूत आहे. धाव कमी झाली, पण कुठे उभे राहावे हे आता अधिक कळते, अशी अवस्था प्रत्यक्षातल्या प्रत्येक धनुर्धराच्या आयुष्यात वीस-पंचवीस वर्षे तरी टिकत असणार. काव्यात तिला जागा नाही.

शास्त्रात मात्र आहे. वासिष्ठ धनुर्वेद म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध आहे त्यात, आणि १३६३च्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तील धनुर्वेद-प्रकरणातही, धनुष्य निवडण्याचा नियम अगदी निःसंदिग्ध शब्दांत आलेला आहे. धनुष्य हे धनुर्धराच्या बळापेक्षा किंचित कमीच असावे. कारण जो धनुष्याच्या ओढीनेच बेजार झाला त्याला लक्ष्य दिसत नाही. आपल्या बळाच्या मापाने घेतलेले धनुष्य तेच शुभ. अरबी आणि फार्सी तिरंदाजी-ग्रंथांचेही म्हणणे याहून वेगळे नाही. धनुष्यावर तुमची हुकमत हवी, तुमच्यावर धनुष्याची नको. येथे माप उलटे झाले आहे, हे लक्षात घ्यावे. काव्यात धनुष्य माणसाला मोजते. शास्त्रात माणूस धनुष्याला मोजतो. स्वयंवरात राजांना भुईवर पाडणारे धनुष्य धनुर्वेदाच्या दृष्टीने केवळ चुकीचे निवडलेले धनुष्य होय.

या नियमामागचे कारण शरीराचे आहे. साध्या धनुष्याची दोरी जसजशी मागे ओढावी तसतसा भार वाढत जातो, आणि कानापर्यंत आणली की तो सर्वाधिक होतो. म्हणजे ज्या क्षणी नेम धरण्यासाठी हात सर्वांत स्थिर हवा त्याच क्षणी त्याच्यावर सर्वांत जास्त ओझे असते. तरुण खांदा ते दोन-चार क्षण पेलतो. वय वाढले की प्रथम ताकद जात नाही, प्रथम हा थांबण्याचा अवधी जातो. बाण ओढता येतो, पण ओढून थांबता येत नाही, घाईने सुटतो. जाणता धनुर्धर अशा वेळी ओढीचा भार उतरवतो. बाण थोडा कमी लांब जातो, म्हणून तो सावजाच्या अधिक जवळ जातो. बळाच्या जागी पावलांची चाहूल लागू न देण्याचे कौशल्य येते.

दोरी चढवण्याची गोष्ट तर याहून अवघड. दख्खनेत आणि मोगली फौजांत वापरली जाणारी शिंगाची कमान लाकूड, शिंग आणि जनावरांचे स्नायू सरसाने एकत्र जोडून केलेली असे. दोरी उतरवली की ती उलट्या बाजूला वळे. तिला पुन्हा सुलट वाकवून चिल्ला चढवणे हे मांडी, गुडघा आणि दोन्ही हात लावून करण्याचे काम. निसटली तर कमान तरी मोडे नाहीतर मनगट तरी. ती ओढण्यापेक्षा चढवण्यात धोका अधिक. दमट हवेत सरस सैल पडतो, म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानीही केल्या गेल्या. शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवायला त्या सोयीच्या, पण बाण फेकण्यात शिंगाच्या कमानीची सर त्यांना नाही. व्यासांनी अर्जुनाचे पहिले अपयश ओढण्यात नव्हे तर दोरी चढवण्यात दाखवले आहे. धनुष्य हाताळलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. महाभारतकारांविषयी असे तपशील पाहून आदर वाढतो.

युरोपातही याच अनुभवाची नोंद सापडते, पण अर्धीच. इंग्लंडचा धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर याने १५४९ साली राजापुढे केलेल्या प्रवचनात आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. वडील आपल्याला वय आणि बळ पाहून धनुष्ये विकत घेऊन देत, आणि आपण वाढू लागलो तशी ती मोठी होत गेली, असे तो म्हणतो. धनुष्य वयाप्रमाणे चढत गेल्याचे तो अभिमानाने सांगतो. वयाप्रमाणे ते उतरतही असावे, याविषयी अवाक्षर नाही. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांची ओढ अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४५ ते ८० किलो होती. आजच्या ऑलिंपिकमधील धनुष्याची ओढ याच्या निम्म्याहूनही कमी असते. त्या नौकेवरील काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत दिसलेला दोष अशा जड धनुष्यांच्या दीर्घ सरावाने आलेला असावा, असे मत मांडले गेले आहे.

आता इंदापूर-सुप्याकडे वळू. कारण मराठ्यांच्या इतिहासातला वृद्ध शिकारी शोधायचा तर तो या जहागिरीच्याच घराण्यात सापडतो.

शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. लढता लढता, शस्त्र हाती असताना आलेले हे मरण. काव्याला रुचणारे. मालोजींचे पुत्र शहाजीराजे. पुणे, सुपे, इंदापूर हा त्यांच्या जहागिरीचा मुलूख. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले सुपे. निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा सत्तांमधून वाट काढत शहाजीराजे अखेर कर्नाटकात स्थिरावले. त्यांच्या बंगळूरच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, आणि राजवाड्यांच्या प्रस्तावनेमुळे तो ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्यांना निदान नावाने तरी ठाऊक असतो. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोडा अडखळून पडल्याने शहाजीराजांचा अंत झाला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी मतभेद असले तरी तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती, एवढे निश्चित.

हा मृत्यू आपल्या इतिहासग्रंथांत दोन ओळींत उरकला जातो, आणि त्या ओळींचा सूर हळहळीचा असतो. एवढा मोठा पुरुष, आणि एका हरणामागे धावताना गेला. मला हा सूर पटत नाही. साठीनंतरही जो माणूस घोड्यावर मांड ठोकून सावजामागे जातो त्याने आपले वय ओळखले नाही असे म्हणावे, की आपल्याला काय अजून साधते ते त्याला नेमके ठाऊक होते असे म्हणावे? घोडा अडखळणे हा अपघात. तो विशीतही होतो. परंतु आपल्या मनात वृद्ध शिकाऱ्याची जी प्रतिमा आहे ती मौसलपर्वातून आलेली. त्यामुळे साठीच्या पुढचा प्रत्येक अपघात आपल्याला गांडीवाची न चढलेली दोरी वाटतो.

खरे तर राजेलोकांच्या मृगयेत उतारवयाची सोय पूर्वीपासून होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ आपण मराठीच्या आरंभकालीन ओळींसाठी चाळतो आणि बाजूला ठेवतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात राजाच्या विनोदांत मृगयेचेही विस्तृत वर्णन आहे. दौडत जाऊन मारणे हा तिचा केवळ एक प्रकार. पाणवठ्याशी दबा धरून बसावे, पाळीव हरिण आमिष म्हणून सोडून रानातली हरणे जवळ आणावीत, अशाही रीती त्यात आहेत. चित्ते आणि ससाणेही शिकारीला वापरले जात. या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. सावज आणि शिकारी यांतले अंतर शिकाऱ्याच्या बाहुबळाने नव्हे, तर युक्तीने, धीराने किंवा दुसऱ्या प्राण्याच्या वेगाने तोडले जाते. हलके धनुष्य या शब्दाचा अर्थ थोडा सैल केला तर ही सारी हलकी धनुष्येच आहेत.

आणि राजांच्या शिकारखान्याबाहेर, याच भीमा-कऱ्हा-नीरेच्या माळांवर, फासेपारध्यांनी तर धनुष्याचा प्रश्नच निकालात काढला होता. फासा लावायला खांदा लागत नाही. जनावर कोणत्या वाटेने येते, वारा कोठून वाहतो, कोणत्या गवतात ते थबकते, हे माहीत असावे लागते. ते ज्ञान वयाबरोबर वाढते. अशा शिकारीत म्हातारा माणूस हा टोळीचा भार नसून तिचा गुरू असतो. या समाजाला १८७१च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का १९५२पर्यंत कागदावर राहिला. त्यांच्या या विद्येची नोंद मराठी वाङ्मयात जवळपास नाही. मोरोपंतांच्या सतरा हजार आर्या ज्या गावी लिहिल्या गेल्या त्याच्या आसपासच्या माळरानावर हे लोक वावरत असतील. पण त्यांचा व्यास कोणी झाला नाही.

वृद्ध धनुर्धराची अडचण यंत्राने सोडवली ती युरोपात आणि चीनमध्ये. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून खिटीला अडकवली की हाताचे काम संपते; मग हवा तेवढा वेळ नेम धरावा आणि कळ दाबावी. ओढणे आणि नेम धरणे या दोन क्रिया येथे प्रथमच वेगळ्या झाल्या. दोरी ओढायलाही पुढे तरफ आणि चक्र आले. जन्मभर खांदे घडवलेल्या योद्ध्याइतकाच धोकादायक बाण आता थोडे दिवस शिकलेला कोणीही मारू लागला, म्हणूनच की काय, ११३९च्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध धनुर्विद्येच्या वापराला बंदी घातली. तिचा रोख क्रॉसबोवर होता, असे सामान्यतः मानले जाते. बंदी कोणी पाळली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली अशाच एका बाणाच्या जखमेने मेला. शस्त्राने बळवान आणि दुबळा, तरुण आणि वृद्ध यांच्यातला भेद पुसून टाकावा ही गोष्ट बळवानांना नेहमीच अधर्म वाटत आली आहे. दख्खनेत क्रॉसबो रुजला नाही. घोडेस्वाराला शिंगाची आखूड कमान सोयीची होती, आणि पायदळाची गरज पुढे तोड्याच्या बंदुकीने भागवली.

विसाव्या शतकात याची पुनरावृत्ती झाली. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन याने १९६६ साली धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके लावून त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. या कंपाउंड धनुष्याची गंमत अशी की, ओढीचा भार मध्यावर सर्वाधिक असतो आणि दोरी पूर्ण मागे आली की तो एकदम उतरतो. म्हणजे नेम धरण्याच्या क्षणी खांद्यावरचे ओझे बरेच कमी झालेले असते. धनुर्वेदकारांनी धनुष्य कमी बळाचे निवडून जे साधले ते याने चाकांवर साधले. पुढे तेथील अनेक राज्यांनी धनुष्याच्या शिकारीच्या मोसमात अपंगांना आणि काही ठिकाणी वयोवृद्धांना क्रॉसबो वापरण्याची खास सवलत दिली. तेव्हा तरुण धनुर्धरांनी केलेली कुरकुर वाचायला मोठी मौजेची आहे. हे खरे धनुष्य नव्हे, ही खरी धनुर्विद्या नव्हे, असा तिचा सूर. शिवधनुष्याच्या सभेतले राजे अजून उठून गेलेले नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न आता शिकारीपुरता उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या शब्दाची जी व्याख्या आहे तीत बंदूक, सुरी, जाळे, फासा यांच्या बरोबरीने धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ साली घोषित झालेले, केवळ सुमारे पाच चौरस किलोमीटरांचे. तेथे आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ माळावर आज चिंकारा दिसतो तो दुर्बिणीतून पाहण्यासाठी. वृद्ध माणसाला दुर्बीण पेलते. हा बदल उत्तमच झाला, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

येथे मोरोपंतांकडे परत जाण्याचा मोह होतो. आर्येचा अफाट पसारा मांडून झाल्यावर उतारवयात पंतांनी ‘केकावली’ लिहिली. सव्वाशेच्या आतले श्लोक, कथेचे ओझे नाही, केवळ देवाशी बोलणे. मग ‘केकावली’ हे पंतांचे हलके धनुष्य होते असे म्हणून टाकावे का? सुचायला उपमा चांगली आहे, परंतु ती खोटी आहे. आर्या हे मात्रावृत्त, त्यात पंतांचा हात इतका बसलेला की ती जणू बोलता बोलता होई. ‘केकावली’चे पृथ्वी हे सतरा अक्षरांचे गणवृत्त, प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले, चरणाचरणात यमकांची बंधने. त्यात घरगुती जवळिकीने बोलायचे म्हणजे जड धनुष्यच ओढायचे. पंतांनी अंतर कमी केले, ओढ नाही. द्रोणाचार्यांच्या पंथातले म्हणायचे तर ते म्हणता येतील. विद्यार्थी ‘केकावली’ला आर्यांपेक्षा सोपी समजतात ती तिच्या लांबीकडे पाहून.

हलके धनुष्य मराठी प्रदेशाला मिळाले ते वेगळ्याच मार्गाने, आणि ते धनुष्य आहे हे आपण विसरूनही गेलो आहोत. फार्सीत ‘लेझम’ म्हणजे सरावासाठीचे मऊ धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले हे धनुष्य तालमीत ओढायचे. बाण मारण्यासाठी ते नाहीच. इराणातल्या व्यायामशाळांत आजही साखळीचे असे लोखंडी धनुष्य, ज्याला तेथे ‘कब्बादे’ म्हणतात, डोक्यावर धरून डावी-उजवीकडे ओढण्याचा व्यायाम चालतो. आपल्या तालमींत हा शब्द आणि ही वस्तू फौजेबरोबर आली असावी. मोल्सवर्थच्या कोशातही लेजीम हे व्यायामाचे धनुष्यच आहे. तिरंदाजी गेली, पण तिची तालीम राहिली. मग साखळीत पातळ चकत्या आल्या, साखळीच्या आवाजाला हलगीची जोड मिळाली, आणि व्यायामाचा नाच झाला.

या अवस्थांतरात धनुष्याचे सर्व भार एकामागून एक उतरत गेले. आधी बाण गेला. मग लक्ष्य गेले. मग ओढ. जुन्या लेझमीचा दांडा वेळूचा, वाकवलेला असे. आता शाळेत मिळते ती लेझीम म्हणजे हातभर लांबीचा सरळ लाकडी दांडा, दोन्ही टोकांना अडकवलेली सैल साखळी आणि साखळीच्या मध्यावर धरायला एक लोखंडी मूठ. धनुष्याचा बाकही राहिला नाही. पण हालचाल पाहावी. एक हात दांड्यावर, दुसरा साखळीच्या मुठीवर, आणि तालावर दोन्ही हात एकमेकांपासून दूर जातात, छाती उघडते, साखळी ताणते. ही प्रत्यंचा ओढण्याचीच क्रिया आहे, फक्त शेवटी काही सुटत नाही.

मौसलपर्वानंतरच्या महाप्रास्थानिक पर्वात पांडव निघतात तेव्हा अर्जुनाने गांडीव अजूनही बरोबर घेतलेले आहे. त्याच्याने ते सोडवत नाही. अग्नी वाटेत उभा राहून ते वरुणाला परत द्यायला सांगतो, तेव्हा कुठे तो ते आणि दोन्ही भाते पाण्यात टाकतो. इंदापूर-बारामतीच्या गणपतीच्या मिरवणुकीत पुढच्या रांगेत तरुण असतात, मागे शाळकरी मुले असतात, आणि मधूनच एखादा साठी उलटलेला, धोतर खोचलेला गृहस्थ कोणा पोराच्या हातून लेझीम मागून घेतो. चार हात करतो, घाम पुसतो, आणि ज्याची त्याला परत देऊन बाजूला उभा राहतो.